एवढं फोडतोच आहोत तर

बाथरूमचा नळ गळत होता. गोष्ट एवढीच होती, आणि एवढीच राहिली असती तर कुणाचं काही बिघडलं नसतं. नळ घट्ट बंद केला तरी थेंब पडत राही आणि प्रत्येक थेंबागणिक जावकबुवांच्या बायकोच्या कपाळावर एक आठी वाढे. नळातलं वायसर झिजलं होतं. नवं वायसर बसवलं की प्रकरण निकाली निघणार होतं. जावकबुवांनी तसा तोंडी प्रस्ताव मांडला, बायकोने तो तत्त्वतः मान्य केला आणि प्लंबरला बोलावणं धाडण्यात आलं.

जावकबुवा हे त्यांचं खरं नाव नव्हे, हे सांगायला नको. एका मोठ्या कार्यालयाच्या जावक विभागात, म्हणजे बाहेर जाणाऱ्या टपालावर शिक्के मारण्याच्या टेबलावर, त्यांची उभी हयात गेली आणि त्याच टेबलावर ते हेडक्लार्क झाले. सबंध कार्यालयाचं म्हणणं बाहेर पोचवणाऱ्या या माणसाच्या तोंडून स्वतःचं म्हणणं मात्र कधी बाहेर पडलं नव्हतं. साहेब म्हणत, "हे काय लिहिलंय?" जावकबुवा म्हणत, "बदलतो." बदलून आणलं की साहेब म्हणत, "आधीचंच बरं होतं." जावकबुवा म्हणत, "आणतो." घरी तर एवढाही शब्दसंग्रह लागत नसे. तिथे "चालेल" या एका शब्दावर त्यांचा संसार रेटला गेला होता.

इतकं गिळूनही या माणसाचा रक्तदाब तरुण मुलासारखा होता. डॉक्टर आश्चर्य करत. त्याचं कारण होतं बाथरूम. घरातली तेवढी एकच खोली आतून कडी लावता येईल अशी होती. जावकबुवा रोज सकाळी आत जात, कडी घालत, नळ पूर्ण सोडत आणि त्या आवाजाच्या आडोशाने बोलत. साबणाची वडी समोरच्या कोनाड्यात ठेवून ते तिला साहेब समजत. "आधीचंच बरं होतं? मग आधी वाचताना डोळे कुठे ठेवले होते? आणि साहेब, सहीसाठी दिलेलं पेन परत करायची जगात पद्धत आहे!" साबण निरुत्तर होई. मग जावकबुवा त्याच साहेबांना अंगाला लावून, खसाखसा चोळून, धुऊन टाकत आणि गुलाबी, शांत चेहऱ्याने बाहेर येत. बायकोचा समज असा होता की आपल्या नवऱ्याला स्वच्छतेची फार आवड आहे.

प्लंबर आला. त्याने नळाकडे असा चेहरा करून पाहिलं, की घरचं कुणी गेलं असावं.

"हा नळ कुणी बसवला?"

"तुम्हीच," जावकबुवांची बायको म्हणाली.

"तेव्हा चांगला होता," प्लंबर म्हणाला. "आता याचं वायसर येत नाही. नळ बदला. पण नवा नळ या पाइपाला बसणार नाही. पाइप बदला. पाइप भिंतीत आहे."

"आणि भिंतीवर टाइल्स आहेत," जावकबुवा म्हणाले.

"आहेत कुठे? आता फुटणार ना त्या. आणि हा पिस्ता रंग बाजारातून गेला. मिळायचा नाही."

एका वायसरपायी भिंत फोडायची, हा कुठला न्याय, असा खडा सवाल जावकबुवांच्या मनात उभा राहिला आणि त्यांनी तो दुसऱ्या दिवशीच्या आंघोळीसाठी राखून ठेवला. तोंडाने ते म्हणाले, "चालेल." त्याच वेळी बायकोने ते वाक्य उच्चारलं.

"एवढं फोडतोच आहोत तर सगळंच नवं करून घेऊ."

या वाक्याला आजवर कुणाला उत्तर सापडलेलं नाही. त्याच्यापुढे शहाणीसुरती माणसं मान डोलावतात आणि आपणच हा विचार मांडल्यासारखी घर उकरायला काढतात. जावकबुवांच्या मुलीला तर हे वाक्य इतकं पटलं की तिने त्याच दिवशी एक सल्लागार बाई शोधून काढल्या. या बाई बाथरूमला बाथरूम म्हणत नसत, "अवकाश" म्हणत.

सल्लागार बाई आल्या त्या उघड्या डोळ्यांनी काही बघायच्या आधी डोळे मिटून अवकाशात उभ्या राहिल्या. मग त्यांनी जावकबुवांना विचारलं, "तुमचं पाण्याशी नातं काय?"

"येतं तेव्हा भरून ठेवतो," जावकबुवा म्हणाले.

"बघा. म्हणजे तुम्ही आंघोळ उरकता. आंघोळ उरकायची नसते, अनुभवायची असते." मग त्या भिंतीकडे वळल्या. "टाइल ही गोष्ट आता संपली. टाइल आली की सांधे आले, सांधे आले की नजर अडखळते. आपण भिंत, जमीन, छत, सगळं एकसंध करू. पांढरा रंग दवाखान्याचा, निळा रंग सगळ्यांचा. आता मातीकडे जायचंय."

"म्हणजे मळकट?"

"बाबा, मळकट काय!" मुलगी ओरडली. "त्या रंगाचं नाव 'ओला दगड' आहे."

पुढचं सगळं मग भराभर ठरलं. टब मधोमध ठेवायचा, कारण ज्या टबाला भिंतीचा आधार लागतो तो टब कसला. नळ काळे आणि भिंतीत दडवलेले, कारण नळ दिसता कामा नये. "मग सापडणार कसा?" असं जावकबुवांनी विचारलं, तेव्हा बाई म्हणाल्या की शोधणं हाच अनुभवाचा भाग आहे. पाणीसुद्धा आवाज न करता पडलं पाहिजे. मूक प्रवाहाचे नळ हल्लीच निघाले आहेत आणि ज्यांना शांततेची किंमत कळते ती माणसं तेच बसवतात. इथे जावकबुवांनी जुना नळ सोडून त्याचा आवाज एकदा ऐकून घेतला.

"आणि हे दार," बाई म्हणाल्या.

"दाराचं काय?"

"दार ही कल्पनाच मागे पडली हो आता. दार प्रकाश अडवतं. आपण ही सगळी भिंत काढू आणि काच लावू."

"दुधी काच?"

"स्वच्छ काच. इतकं सुंदर करायचं आणि झाकायचं, याला काय अर्थ आहे?"

जावकबुवांनी सगळं बळ एकवटलं. "पण... कडी?"

तिघीजणी त्यांच्याकडे बघू लागल्या. "कडी कशाला?" बायको म्हणाली. "घरात आपणच तर असतो. तुम्हाला लपायचंय तरी कुणापासून?"

उत्तर त्यांच्या जिभेवर तयार होतं. मला दिवसातून एकदा माणसासारखं बोलायचं असतं, एवढंच ते होतं. पण ते उत्तर अशा जातीचं होतं की ते द्यायला आधी आत जाऊन कडी लावावी लागली असती. जावकबुवांना अगदी रडू आलं, आणि रडायची जागाही तीच होती. "चालेल," ते म्हणाले.

काम पूर्ण झालं. बाथरूम खरोखरच देखणं झालं, यात वाद नाही. हॉलमध्ये पाऊल टाकताच काचेपलीकडे तो ओला दगड, तो मधोमध बसलेला टब, कोपऱ्यातली हिरवीगार झाडं, असं सगळं एकदम अंगावर येई. अडचण एकच होती, की आत कुणी आंघोळीला गेलं की तोही अंगावर येई. पडदा लावण्याची सूचना सल्लागार बाईंनी साफ फेटाळली. पाहणाऱ्याने सभ्य असावं, ही जबाबदारी डिझाइनवर टाकता येणार नाही, असं त्यांचं म्हणणं पडलं. मग घरात नियम झाला, की एकजण आत गेला की उरलेल्या दोघांनी खिडकीकडे तोंड करून बसायचं.

त्याप्रमाणे सगळे खिडकीकडे तोंड करून बसू लागले. समोरच्या इमारतीतल्या कुटुंबानेही नुकतंच बाथरूम नवं केलं होतं. तेही आपल्या खिडकीत याच कारणाने याच वेळी बसत. सुरुवातीला अवघडल्यासारखं झालं, पण मग हात हलवणं सुरू झालं, तब्येतीच्या चौकशा झाल्या, आणि दोन्ही घरांत इतका जिव्हाळा वाढला की जावकबुवांच्या बायकोला आपल्या बहिणीपेक्षा त्या बाई जवळच्या वाटू लागल्या. नव्या रचनेमुळे शेजारधर्म वाढतो, असं सल्लागार बाई पुढे सगळ्यांना सांगत.

जावकबुवांनी पहिल्या दिवशी आत जाऊन नळ सोडला. पाणी मुकाट्याने पडू लागलं. त्यांनी साबण समोर ठेवला आणि कुजबुजत म्हटलं, "साहेब, तुम्ही..."

"बाबा, काही हवंय का?" खिडकीशी बसलेल्या मुलीने पाठमोरीच विचारलं.

"नाही. चालेल."

दुसऱ्या दिवशी त्यांनी नुसते हातवारे करून पाहिले. पण समोरच्या कुटुंबातल्या आजोबांना दूरचं उत्तम दिसत असे. त्यांनी संध्याकाळी जावकबुवांच्या बायकोला खिडकीतून कळकळीने विचारलं, "यजमानांना आत कुणी त्रास देतंय का?" तेव्हापासून हातवारेही बंद पडले. जावकबुवा आता नुसतीच आंघोळ करू लागले आणि त्यात त्यांना कसलाच अर्थ वाटेना.

ही आंघोळही फार दिवस टिकली नाही. 'ओला दगड' हा रंग ओला झाला की बिघडतो, असं ध्यानात आलं. सल्लागार बाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, "आंघोळीनंतर सगळं लगेच कोरडं करत चला. शक्य असेल तर आंघोळीच्या आधीही." मग बायको फडकं घेऊन काचेबाहेर उभी राहू लागली. एक थेंब पडला की ती म्हणे, "हळू!" साबणाच्या फेसाने झाडं कोमेजतात, म्हणून साबण गेला. वाफेने आरसा धुरकट होतो, म्हणून गरम पाणी गेलं. आणि बाथरूम बघायला पाहुणे येऊ लागले. बायकोची नणंद आली, तिच्या मैत्रिणी आल्या, मैत्रिणींचे नवरे डोळ्यांत भीती घेऊन आले. आतलं बघितल्यावर हॉल फारच गरीब दिसे, म्हणून बायको पाहुण्यांना टबाच्या काठावरच चहा देऊ लागली. सकाळी जावकबुवा टॉवेल घेऊन निघाले की ती म्हणे, "आज आंघोळ राहू दे हो. लोक यायचेत."

इकडे जावकबुवांच्या पोटात न दिलेली उत्तरं साचू लागली. साहेबांना द्यायची, बायकोला द्यायची, प्लंबरला द्यायची, समोरच्या आजोबांना द्यायची. रात्री दात करकरू लागले. बसमध्ये एका अनोळखी माणसाने "जरा सरकता का?" असं विचारलं, तेव्हा जावकबुवा ताडकन म्हणाले, "आणि माझं पेन?" तो माणूस पुढच्याच थांब्यावर उतरला. हे असंच चाललं तर एक दिवस साहेबांच्या तोंडावर काहीतरी निसटणार आणि इतक्या वर्षांची नोकरी एका वाक्यात जाणार, या विचाराने जावकबुवांना धडकी भरली.

आणि तेव्हा त्यांना कार्यालयातलं ते जुनं स्वच्छतागृह आठवलं. तिसऱ्या मजल्यावर, जुन्या फायलींच्या खोलीपलीकडे, जिथे कुणी फिरकत नसे. दोन खोपटी, मध्ये लाकडी आडभिंत, आणि नळ असा की सोडला की चक्की सुरू झाल्यासारखा वाटे. जावकबुवा दुसऱ्याच दिवशी लवकर पोचले. आत शिरून कडी घातली. तो खट्ट आवाज ऐकूनच त्यांचे डोळे भरून आले. नळ सोडला, दीर्घ श्वास घेतला आणि तोंड उघडणार, तोच पलीकडच्या खोपटातला नळ सुटला आणि त्यामागून एक आवाज आला.

"'बदलतो' म्हणू नका हो, जावकबुवा! मी चुकतोय हे तुम्हाला दिसतं. तुम्हाला दिसतं हे मला दिसतं! मग सांगत का नाही? मी वरच्यांपुढे तोंडावर पडेपर्यंत 'आणतो, आणतो' करता! अरे, कधीतरी भांडा माझ्याशी!"

आवाज साहेबांचा होता. पण जावकबुवांचं साचलेलं आता कुणाच्या बापाचं ऐकणार नव्हतं. "मग आधी पेन परत करा!" ते ओरडले.

पलीकडचा नळ बंद झाला आणि प्रश्न आला, "कोण आहे?"

"जावक."

"कसलं पेन?"

"सगळीच. ड्रॉवर भरला असेल तुमचा."

साहेब हलक्या आवाजात म्हणाले, "भरलाय खरा. तुम्ही इथे कसे?"

"घरी काच लावली."

"माझ्याकडेही," साहेब म्हणाले. "बायको म्हणाली, एवढं करतोच आहोत तर. नको म्हणता आलं नाही मला."

त्या दिवसापासून कार्यालयाचं खरं कामकाज तिसऱ्या मजल्यावर सुरू झालं. खाली टेबलावर साहेब पूर्वीसारखंच "हे काय लिहिलंय?" म्हणत आणि जावकबुवा पूर्वीसारखंच "बदलतो" म्हणत. पण सकाळी आडभिंतीच्या दोन्ही अंगांनी सगळं बोलून झालेलं असे. "तो निर्णय चुकलाय, साहेब." "मग काय करू?" "मागे घ्या." "घेतो." इतकी सरळ वाक्यं त्या इमारतीत यापूर्वी कुणी बोललं नव्हतं. पुढे इतरांनाही सुगावा लागला. प्रत्येकाच्या घरी काही ना काही फोडलेलं होतंच. लेखा विभाग आणि आस्थापना विभाग, ज्यांच्यात कधीपासून फक्त लेखी बोलणं होतं, ते शेजारशेजारच्या खोपटांत कडाकडा भांडले आणि हात धुऊन एकत्र चहाला गेले. कॉरिडॉरमध्ये रांग लागू लागली. अडलेल्या फायली सुटू लागल्या.

इथे घात झाला. फायली सुटतात म्हटल्यावर वरिष्ठ कार्यालयाला संशय आला. चौकशीला अधिकारी आले, रांगेत उभे राहिले, आत जाऊन बराच वेळ नळ सोडून बसले आणि डोळे पुसत बाहेर आले. त्यांनी अनुकूल अहवाल दिला. त्यावर वरिष्ठांनी आनंदाने आदेश काढला, की इतकी उपयुक्त वास्तू अशा जीर्ण अवस्थेत असणे कार्यालयास भूषणावह नाही, सबब तिचे तातडीने नूतनीकरण करण्यात यावे. समिती नेमली गेली. अध्यक्ष साहेब, सदस्य-सचिव जावकबुवा, आणि सल्लागार म्हणून त्याच बाई.

बैठकीच्या दिवशी सकाळी आडभिंतीला तोंड लावून दोघांनी मसलत केली.

"तुम्ही नको म्हणा, साहेब. तुम्ही अध्यक्ष आहात."

"म्हणूनच मला म्हणता येत नाही. अध्यक्षाने विरोध केला तर वर दिसतं. तुम्ही म्हणा. नुसतं 'नको' म्हणा. मी लगेच म्हणतो, सूचना विचारात घेण्यात येत आहे. मग हा विषय कुणाच्या नातवालाही सापडणार नाही."

"नक्की?"

"शब्द देतो. जावकबुवा, एकदाच. माझ्यासाठी. तुमच्यासाठी."

जावकबुवांनी कडी काढण्यापूर्वी "नको" हा शब्द मोठमोठ्याने म्हणून पाहिला. अगदी खणखणीत निघत होता.

बैठकीला सगळे विभागप्रमुख होते. हे सगळे रोज रांगेत उभे राहणारे. सल्लागार बाईंनी चित्रं दाखवली. आडभिंत काढायची. खोपटी काढायची. सगळीकडे काच. मूक प्रवाहाचे नळ. "इथे संवाद होतो, असं मला कळलं," बाई हसून म्हणाल्या. "मग संवादाला भिंती कशाला?" सगळ्यांचे चेहरे पांढरे पडले आणि सगळ्यांनी माना डोलावल्या.

"कुणाची हरकत?" साहेबांनी विचारलं. ते जावकबुवांकडे बघत होते. अख्खं टेबल जावकबुवांकडे बघत होतं. एवढी आशा त्यांच्याकडे आयुष्यात कुणी लावून बसलं नव्हतं.

जावकबुवा उभे राहिले. शब्द पोटातून निघाला, छातीपर्यंत आला, घशात आला, दातांपर्यंत आला. खोलीचं दार सताड उघडं होतं. कुठे पाण्याचा थेंबभर आवाज नव्हता.

"एक सूचना आहे," ते म्हणाले.

साहेबांनी श्वास रोखला.

"काच... जरा जाड बसवावी. म्हणजे टिकेल."

"उत्तम सूचना!" सल्लागार बाई म्हणाल्या. साहेबांनी डोळे मिटले, मग उघडले आणि सूचनेसह ठराव एकमताने मंजूर झाल्याचं जाहीर केलं. टाळ्या वाजल्या. सगळ्यांत जोरात वाजवणारे लेखा विभागाचे प्रमुख होते आणि त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं.

आता वाचकहो, तुम्हाला जावकबुवांचा राग आला असेल. साहजिक आहे. एवढ्या मोठ्या टेबलाभोवती एका माणसालाही साधं "नको" म्हणता येऊ नये, म्हणजे कमाल झाली, असं तुम्ही बाजूला बसलेल्या कुणालातरी म्हणालाही असाल. मग एक कराच. तुम्ही शेवटचं "नको" कुणाच्या तोंडावर म्हणालात, तेवढं आठवून सांगा. सावकाश आठवा, घाई नाही. फक्त आंघोळ करताना म्हटलेलं त्यात धरू नका.